बाजूच्या खोलीतला श्वास

भीतीच्या गोष्टींना मागून आवाज देणं हे माझं काम आहे. गोष्ट वाचतं दुसरंच कोणी. त्या वाचण्याच्या खाली जे कुरकुरतं, खरवडतं, थांबतं आणि पुन्हा सुरू होतं, ते मी करते. आधी सहा वर्षं मी वर्ध्यातल्या एका स्टुडिओत लग्नांचे व्हिडिओ जोडत होते. सनईमागे सनई लावून कंटाळले होते, तेव्हा बाईंची ओळख झाली.

बाई वडनेरच्या. शाळेतून निवृत्त झालेल्या आणि घरी एकट्या राहणाऱ्या. पुतणीच्या लग्नाचा व्हिडिओ घ्यायला त्या स्टुडिओत आल्या होत्या. काम व्हायला वेळ होता म्हणून बोलत बसलो, आणि बोलता बोलता त्यांनी त्यांच्या गावाकडच्या एका बंद विहिरीची गोष्ट सांगितली. भर दुपार होती, दुकानात चार गिऱ्हाइकं होती, समोर चहा ठेवलेला होता. तरी माझ्या मानेवरचे केस उभे राहिले. मी म्हणाले, "बाई, हे तुम्ही कुठं लिहून ठेवलंय का?" तर म्हणाल्या, "सोळा वह्या हायेत. कोणाले दाखवल्या नाईत."

त्यातून आमचं मोबाईलवर ऐकायच्या गोष्टींचं चॅनेल सुरू झालं. वर्ध्याला लागूनच, बोरगाव मेघेला आमच्या घराच्या मागच्या बाजूला एक खोली आहे. तिच्यातली अडगळ काढून मी भिंतींना गोधड्या ठोकल्या, दाराच्या फटीत जुनं लुगडं कोंबलं, आणि माइक लावला. बाई दर बुधवारी दोन गाड्या बदलून येतात, घोटभर पाणी पितात, चष्मा पुसतात आणि वाचायला लागतात. वाचताना त्या अजिबात घाबरवत नाहीत. शेजारणीला हळदीकुंकवाचं आमंत्रण सांगावं, तसा त्यांचा आवाज. सुरुवातीला मला ते सपाट वाटायचं. एकदा तसं बोलूनही दाखवलं.

"आपण आवाज कापरा केला का ऐकणाऱ्याले समजते, इथं आता भ्यायचं हाय," त्या म्हणाल्या. "मंग तो तयारीत बसते. तयारीत बसलेला माणूस भेत नाई."

मला माझ्या कामाचं जे काही कळलं ते तिथून पुढे. धाडकन दार आपटलं की माणूस दचकतो, आणि पुढच्या मिनिटाला हसतो. ते माझ्या उपयोगाचं नव्हतं. मला असा आवाज हवा असायचा की जो सुरू होईल आणि पुरा होणार नाही. जिन्यावर पाच पावलं वाजतील, सहावं वाजणार नाही. मोडलेल्या हाडासाठी मी कापसाची वाळलेली पऱ्हाटी मोडते, चिखलातून ओढलेल्या पायासाठी सैल भिजवलेल्या कणकेत मूठ घालून हळूहळू बाहेर काढते. आई एकदा कणकेची परात शोधत मागच्या खोलीत आली आणि मला तसं करताना पाहून परात न घेताच परत गेली.

घरी आम्ही तिघं. आई, बाबा आणि मी. बाबा तीस वर्षं जिनिंगमध्ये फिटर होते. कापसातून सरकी काढणाऱ्या रेच्यांचा आवाज इतका असायचा की तिथली माणसं एकमेकांशी हातवाऱ्यांनी बोलत. बाबांचे कान त्यातच गेले. म्हणजे अगदीच बहिरे नाहीत, पण समोर उभं राहून मोठ्यानं बोलावं लागतं, आणि टीव्ही इतका मोठा लावतात की बुधवारी मला तो बंद करायला जावं लागतं. माझं काम काय आहे ते त्यांना नीट कळलेलं नव्हतं. कोणी विचारलं की सांगायचे, "ते मोबाईलमंधी भुतं भरून राह्यली."

गेल्या वर्षी दिवाळीनंतर बाईंनी एक गोष्ट आणली. गोष्ट साधी होती. एक बाई दुपारी घरात एकटी आहे. नवरा कामावर, मुलं शाळेत. ती तांदूळ निवडत बसलेली असताना तिला बाजूच्या खोलीत कोणीतरी झोपल्याचा श्वास ऐकू येतो. खोलीला बाहेरून कडी आहे. ती उठून पाहत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच श्वास. सबंध गोष्टीत ती दार उघडत नाही. रोज फक्त ऐकते, आणि रोज तो श्वास थोडा थोडा बदलत जातो.

ही गोष्ट सगळी आवाजावर उभी होती. श्वास बरोबर जमला नाही तर गोष्ट गेली. मी स्वतःचा श्वास भरून पाहिला, तर तो नाटकी वाटला. सायकलच्या ट्यूबमधून हवा सोडून पाहिली, भात्यासारखा आवाज आला, तोही टाकून दिला. आठ-दहा दिवस असेच गेले.

आवाजांच्या कामात एक गोष्ट नेहमी लागते. रिकाम्या घराची शांतता. दोन वाक्यांच्या मध्ये नुसता मुका तुकडा ठेवला तर कानाला तो भोकासारखा लागतो. म्हणून घराची शांतता वेगळी भरून ठेवावी लागते आणि ती खाली पसरावी लागते. त्यासाठी एका दुपारी मी रेकॉर्डर स्वयंपाकघराच्या ओट्यावर चालू करून ठेवला आणि किराणा दुकानात गेले. आई शेजारी गेली होती. बाबा बैठकीत दिवाणावर जेवून झोपले होते.

परत येऊन हेडफोन लावून ते ऐकायला बसले. आधी फ्रिजची घरघर, चिमण्या, लांब कुठंतरी ग्राइंडर. मग त्याच्या मागून एक श्वास आला. जड, ओला, खोल विहिरीतून बादली ओढून काढावी तसा. तो वर वर चढत गेला आणि अचानक तुटला. काहीच नाही. फ्रिज चालूच, चिमण्या चालूच. मी वाट पाहत होते. किती वेळ गेला, आणि मग घशात काहीतरी फाटल्यासारखा आवाज होऊन तो श्वास एकदम आत ओढला गेला.

मी हेडफोन काढून मागे वळून दाराकडे पाहिलं. माझ्याच घरात, दुपारी तीन वाजता, मी घाबरले होते. आणि माझ्यासारख्या माणसाला असं घाबरायला मिळालं की काय वाटतं ते सांगते. आनंद वाटतो. मला माझा आवाज मिळाला होता.

पुढचे चार दिवस मी त्या आवाजावर काम केलं. फ्रिज आणि चिमण्या काढल्या. आवाज थोडा संथ केला, त्यामुळे तो आणखी खोल गेला. श्वास तुटल्यावरची शांतता मात्र मी तशीच ठेवली. स्क्रीनवर त्या जागी एक सपाट रेघ दिसायची. ती रेघ मी किती वेळा पाहिली असेल, चाळीस, पन्नास वेळा. तिची लांबी मोजली, गोष्टीतल्या कुठल्या वाक्याखाली ती यावी हे ठरवलं. ऐकणारा माणूस त्या शांततेत स्वतःचा श्वास धरून ठेवतो हे माझ्या लक्षात आलं होतं, कारण मीही धरत होते. हे सगळं मला कळत होतं. हे माझे बाबा आहेत, आणि ते इतका वेळ श्वास घेत नाहीयेत, हे त्या चार दिवसांत एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही. घोरणं घरात रोजचंच होतं. भिंतीवरच्या घड्याळासारखं ते ऐकू येत नाहीसं झालं होतं.

बुधवारी बाईंना ते ऐकवलं. त्यांनी हेडफोन लावले, मान खाली घालून ऐकत राहिल्या. श्वास तुटला तिथं त्यांची बोटं चष्म्याच्या काडीवर थांबली. पुन्हा तो आत ओढला गेला तसे त्यांनी हेडफोन काढले.

"हा आवाज कोणाचा व्हय?"

मला त्या प्रश्नाचा राग आला, खरं सांगायचं तर. कसा जमला असं विचारतील असं वाटलं होतं. मी म्हणाले, "कोणाचा नाही. बनवला."

"कायनं बनवला?"

"सायकलच्या ट्यूबनं. हवा सोडून."

बाईंनी हेडफोनची वायर गुंडाळली. मग "बरं" म्हणाल्या. पाण्याचा ग्लास उचलला, न पिताच खाली ठेवला. नेहमी त्या पूर्ण गोष्ट ऐकून मगच निघतात. त्या दिवशी "गाडी चुकन" म्हणून लवकर गेल्या.

गोष्ट लोकांना आवडली. आमच्या चॅनेलवर इतकी माणसं कधी आली नव्हती. कोणी लिहिलं, इअरफोन काढून फेकले. एका बाईनं लिहिलं की आता दुपारी घरात रेडिओ लावून ठेवते. बहुतेकांनी श्वासाबद्दलच लिहिलं होतं. मी ते सगळं आईला वाचून दाखवायचे, आणि आई तूर डाळ निवडत म्हणायची, "लोकायले भ्याची हौस."

त्यानंतर तीन आठवड्यांनी, सकाळी साडेदहाच्या सुमारास, चॅनेलवर एक खाजगी संदेश आला. एका परिचारिकेचा होता. "नमस्कार ताई. तुमची गोष्ट ऐकली. मी दवाखान्यात रात्रपाळी करते, असे आवाज रोज ऐकते. तुमचा हा आवाज बनवलेला वाटत नाही. कोणाच्या झोपेतला असेल तर त्या व्यक्तीला लवकर डॉक्टरांना दाखवा. श्वास खूप वेळ बंद आहे. त्यांना दिवसा बसल्या बसल्या झोप लागते का? लागत असेल तर कृपा करून गाडी चालवू देऊ नका. माझं चुकत असेल तर माफ करा."

मी तो संदेश दोनदा वाचला. मग मूळ आवाज काढला, मी काही करण्याच्या आधीचा, फ्रिज आणि चिमण्यांसकटचा. हेडफोन लावले. त्या वेळी मी पहिल्यांदा बाबांना ऐकलं. सपाट रेघ सुरू झाली आणि मी मोजायला लागले. एकतीस. एकतीस सेकंद माझ्या बाबांनी श्वास घेतला नव्हता, आणि मी तेव्हा दुकानात होते, आणि नंतर त्या सेकंदांखाली कुठलं वाक्य बसेल ते शोधत होते.

दिवसा झोप लागते का. जेवताना घास हातात धरून बाबांचा डोळा लागायचा. गेल्या महिन्यात न्हाव्याच्या खुर्चीत झोपले होते. आम्ही हसायचो. आई म्हणायची, तीस वर्षं उभं राहून काम केलं, आता झोपते.

आणि त्या सकाळी नऊ वाजता बाबा आईला मागे बसवून त्यांच्या निळ्या स्कूटरनं हिंगणीला गेले होते. हिंगणीला माझा मामा राहतो. त्याच्या शेतात तुरीच्या शेंगा भरल्या होत्या, त्या आणायला.

मी आईला फोन लावला. वाजत राहिला. बाबांचा लावण्यात अर्थ नव्हता, तरी लावला. मग मामाला लावला.

"आले का रे मामा आई-बाबा?"

"नाई वं. मी वाटच पाहून राह्यलो. काऊन?"

"कधी निघाले माहीत आहे ना?"

"तुह्या मायनं नऊ वाजता फोन केलता, निघून राह्यलो म्हणून. येतीन नं. कोठी चहा प्याले थांबले असतीन."

दीड तास झाला होता. बाबा कितीही हळू गेले तरी तासाभराचा रस्ता. मी माझी मोपेड काढली. दाराला कुलूप लावलं की नाही ते आठवत नाही. नागपूर रोडला लागल्यावर कळलं की हेडफोन अजून गळ्यातच आहेत आणि त्यांची वायर पाठीमागे उडतेय.

त्या रस्त्यावर मी शेकडो वेळा गेले असेन. त्या दिवशी प्रत्येक पुलावर गाडी हळू करून मी खाली वाकून बघत होते. प्रत्येक ट्रकच्या मागे काही दिसतंय का ते बघत होते. कानात वारा होता, आणि वाऱ्याच्या खाली तो आवाज चालू होता. मी तो इतक्या वेळा ऐकला होता की थांबवता येत नव्हता. चढणारा श्वास, मग तुटणं, मग मी मोजायला लागायचे. एक, दोन, तीन. दहाव्या आकड्याला एखादी स्कूटर समोरून यायची, ती निळी नसायची. वीस. पंचवीस. एकतीसच्या पुढे मोजायची मला हिंमत होत नव्हती, म्हणून मी पुन्हा एकपासून सुरू करायचे.

सेलू आलं. बाजारात चहाच्या टपऱ्या पाहिल्या. एका टपरीवाल्याला विचारलं, "म्हातारे बाबा आणि बाई, निळ्या स्कूटरवर?" तो म्हणाला, "अशे तं लय जाते ताई." सेलू सोडून हिंगणीच्या रस्त्याला लागले. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, मध्ये मध्ये तुरी माणसाच्या उंचीच्या. रस्ता रिकामा. कापूस वेचणाऱ्या बायका लांब दिसत होत्या, पण त्यांचा आवाज येत नव्हता. मोपेडचा सोडून कसलाच आवाज येत नव्हता. इतकी वर्षं मी लोकांसाठी असलीच शांतता बनवत आले होते.

एका वळणापुढे तीन-चार माणसं रस्त्याच्या कडेला खाली बघत उभी दिसली. गाडी मी कशी थांबवली माहीत नाही, बहुधा ती तशीच खाली पडू दिली. कडेला नालीसारखा खोलगट भाग होता आणि त्याच्या पलीकडे तुरीचं शेत. स्कूटर तुरीत आडवी झाली होती. झाडं मोडलेली होती. आईची जांभळी शाल एका झाडाला अडकून लोंबत होती. आई दिसत नव्हती.

"आई," मी म्हणाले.

"इकडं हाये वं," आई म्हणाली.

ती त्या माणसांच्या मागे, बाभळीच्या सावलीत बसली होती. डावा हात उजव्या हातानं धरून. चेहरा पांढरा. तिच्या शेजारी बाबा, कोपर सोललेलं, सदऱ्यावर माती. एका शेतकऱ्यानं त्यांच्या हातात पाण्याची बाटली दिली होती आणि ती तशीच धरून ते समोर बघत होते.

"काय झालं?" मी बाबांच्या समोर बसून ओरडून विचारलं.

"कुत्रं आडवं आलं," बाबा म्हणाले.

"कुत्रं-बित्रं काई नोतं," आई हळूच म्हणाली. बाबांना ऐकू जाणार नाही इतकं हळू. "डोया लागला त्यायचा. मी मांगून हाक मारून राह्यली, हाक मारून राह्यली. गाडी सरळ तुरीत गेली. समोरून टरक आला असता तं."

बाबांनी तिच्या ओठांकडे पाहिलं होतं. ती काय म्हणाली ते त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी बाटली खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. माझ्या वडिलांना असं बसलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

आईचा फोन तुरीत कुठंतरी पडला होता, म्हणून मी माझ्या फोनवरून मामाला कळवलं आणि तो जीप घेऊन आला. वर्ध्याला दवाखान्यात आणलं. आईचं मनगट मोडलं होतं, प्लास्टर घातलं. बाबांचं कोपर धुऊन पट्टी केली. आता तुम्ही घरी जा म्हणाले, तेव्हा मी डॉक्टरांना म्हणाले की मला काहीतरी ऐकवायचं आहे. मूळ आवाजाची एक प्रत फोनमध्ये होती, ती लावून फोन त्यांच्या कानाशी धरला. तरुण डॉक्टर होते, घाईत होते. श्वास तुटला तसे ते खुर्चीत बसले. शेवटपर्यंत ऐकलं.

"हे कधी रेकॉर्ड केलं?"

"महिना झाला."

"महिनाभर आणलं नाही त्यांना?"

मी सांगितलं, की मी गोष्टींना आवाज देते, आणि हा आवाज एका गोष्टीत वापरला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त चिठ्ठीवर काहीतरी लिहिलं आणि छातीच्या डॉक्टरांकडे पाठवलं.

तिथं बाबांना एक रात्र अंगाला वायरी लावून झोपवलं. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासाची वाट बंद होते, मेंदू घाबरून माणसाला अर्धवट जागा करतो, आणि हे तासाला कितीतरी वेळा होतं, असं तिथल्या डॉक्टरांनी मला समजावलं. माणसाला स्वतःला काही आठवत नाही. तो रात्रभर झोपतो आणि सकाळी थकलेला उठतो. हृदयावर ताण येत राहतो. आता झोपताना नाकावर मास्क लावायचा, त्यातून यंत्र हवा ढकलत राहील. आणि आम्ही सांगेपर्यंत गाडी चालवायची नाही.

बाबांनी मास्क लावायला साफ नकार दिला. "मले काई झालं नाई. दोन डुलक्या काय लागल्या तं नाकात नळी घालतं." चार दिवस यंत्र खोक्यातच राहिलं. चार दिवस आई आणि मी आळीपाळीनं त्यांच्याजवळ बसलो. श्वास थांबला की हलवायचो, ते चिडायचे, पुन्हा झोपायचे. पाचव्या दिवशी सकाळी मी त्यांना मागच्या खोलीत नेलं आणि माझ्या खुर्चीत बसवलं.

"हे काय?"

"ऐका," मी हातानं सांगितलं. मोठे हेडफोन त्यांच्या कानांवर घातले आणि आवाज शेवटपर्यंत वाढवला. त्यांच्या कानांना ऐकू जाईल इतका.

फ्रिज, चिमण्या. त्यांचा चेहरा जरा खुलला. चिमण्या त्यांनी किती वर्षांनी ऐकल्या असतील. मग श्वास सुरू झाला. त्यांनी भुवया उंचावून माझ्याकडे पाहिलं. श्वास तुटला. मी स्क्रीनवरच्या सपाट रेघेवर बोट ठेवलं आणि रेषेबरोबर हळूहळू सरकवत नेलं. बाबा बोटाकडे पाहत होते. बोट सरकत होतं. त्यांनी खुर्चीचा हात धरला. बोट अजून सरकतच होतं. त्यांचं तोंड उघडलं, जणू त्या आवाजाच्या वतीनं ते स्वतः श्वास घ्यायला बघत होते. मग तो फाटल्यासारखा आवाज आला आणि ते खुर्चीतून अर्धे उठले.

हेडफोन काढून त्यांनी मांडीवर ठेवले.

"हा मी हाय?"

मी मान हलवली.

"मले वाटलं मेला तो."

मग मी त्यांना सगळं सांगितलं, जोरजोरात, कारण त्यांना ऐकू यायला हवं होतं. हा आवाज मी लोकांना ऐकवला, हजारो लोकांनी ऐकला, घाबरले, मला शाबासकी दिली. आणि मला कळलं नाही की हे तुम्ही आहात. शेजारच्या घरापर्यंत माझं बोलणं गेलं असेल. बाबा ऐकत होते.

"तुले ऐकू येते म्हणून समजलं तरी," ते म्हणाले. "मले तं काईच ऐकू येत नाई." आणि उठून बाहेर गेले. त्या दुपारी त्यांनी यंत्र खोक्यातून स्वतः काढलं, फिटरच्या सवयीनं त्याची नळी, जोड, गाळणी सगळं उलगडून पाहिलं, आणि मास्क लावून झोपले.

बाईंना मी फोनवर सांगितलं. त्या आठवड्यात त्यांना येऊ नका म्हणाले होते, आईच्या हाताचं कारण देऊन. आता खरं कारण सांगितलं. ट्यूबचं खोटं होतं हेही सांगितलं.

"आमचे हे असेच झोपत," बाई म्हणाल्या. "श्वास अडकला का मी कोपरानं ढोसत जाओ. एक दिवस मलेच गाढ झोप लागली." मग म्हणाल्या, "तुह्या तिथं तो आवाज ऐकला तं मले वाटलं, हे तेच हाय. पण तू म्हटलं ट्यूबनं केला. म्हटलं आपलंच मन खेळून राह्यलं. नाई तं मी त्याच दिवशी सांगितलं असतं तुले."

"माझं चुकलं बाई."

"तुह्या बाबाची तब्येत कशी हाय?"

"बरी आहे."

"मंग झालं. बुधवारी येतो मी."

त्या आल्या. तो आवाज गोष्टीतून काढायचा असं आम्ही ठरवलं. बाबांनी काढ म्हटलं नव्हतं, पण मला ती गोष्ट तशीच चालू ठेवता येत नव्हती. कोणी अनोळखी माणूस कुठंतरी अंधारात माझ्या बाबांच्या न घेतलेल्या श्वासाची मजा घेतोय, हे सहन होत नव्हतं. मी माझा स्वतःचा श्वास भरून तिथं घातला. जमेल तितका चांगला केला. ऐकणाऱ्यांनी ओळखलं. पहिला जास्त भयंकर होता, का बदलला, असं पुष्कळांनी विचारलं. मी कोणालाच उत्तर दिलं नाही. त्या परिचारिकेला मात्र लिहिलं, आणि तिनं बाबांचा श्वास तासाला किती वेळा अडकतो तो आकडा किती आला ते विचारलं, मास्क घट्ट बसतो का ते विचारलं. अजूनही मध्ये मध्ये विचारते.

भीतीच्या गोष्टी मी सोडल्या नाहीत. लोकांना वाटेल सोडल्या असतील. पण एक फरक झाला आहे, तो बाईंच्याही लक्षात आला आहे. पूर्वी मी आवाज शोधायला रेकॉर्डर कुठंही ठेवून निघून जायचे. आता जिथं ठेवते तिथंच बसते.

आणि घरातली शांतता मला आता सोसत नाही. बाबांचं यंत्र झोपेत एकसारखा बारीक सूं असा आवाज करतं. दुपारी मागच्या खोलीत काम करत असले तरी मी दार उघडं ठेवते. त्यामुळे माझ्या रेकॉर्डिंगमध्ये तो आवाज येतो, तो नंतर बसून काढावा लागतो. काढते.

मागच्या महिन्यात एका दुपारी लाइट गेली. माझी स्क्रीन काळी झाली आणि त्याच क्षणी तो सूं थांबला. मी खुर्ची ढकलून पळाले. आई शेजारी गेली होती. बैठकीत अंधुक उजेड, दिवाणावर बाबा उताणे, मास्क नाकावर, छाती हलताना दिसत नव्हती. मी त्यांचे खांदे धरून जोरात हलवलं, मास्क ओढून काढला.

बाबांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे अत्यंत त्रासून पाहिलं.

"काय वं?"

"लाइट गेली बाबा. यंत्र बंद पडलं."

"मंग मी जागाच हाय नं. हवा थांबली तवाच उठलो." त्यांनी मास्क माझ्या हातातून घेतला. "तू काऊन इतकी भेली? जा, पंखा आन कागदाचा, वारा घाल."

मी पुठ्ठा घेऊन आले आणि त्यांच्या उशाशी बसून वारा घालत राहिले. लाइट तासाभरानं आली.